तेरा दिवसांत बदललेला नंबर

हौकिवारा, रविवार, २ फेब्रुवारी १९६९

चि. सिल्वीस अनेक आशीर्वाद.

नाताळानंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. तू पाठवलेले लोकरी मोजे रोज पायात असतात आणि रोज सकाळी ते चढवताना मला लाज वाटते. शाळेतल्या मुलांमध्ये गोवराची साथ होती, थंडी उणे पस्तिसावर गेली होती, ताउनो लाकूडतोडीच्या तळावर आणि घरात मी एकटी. कारणं सगळी खरी आहेत, पण पुरी नाहीत. तुला लिहायला बसलं की हेल्काबद्दल लिहावं लागणार, आणि तिच्याबद्दल काय लिहायचं तेच माझं ठरत नव्हतं.

नाताळाला पोरगी दहा दिवस घरी होती. आल्यापासून तिची तहान भागेना. जेवायच्या आधी दोन पेले, जेवताना तीन, आणि नंतर बादलीतला डाव उचलून तसंच तोंडाला. ताउनो म्हणाला, ओउलूच्या अध्यापक विद्यालयात आम्ही मुलगी पाठवली होती, परत आली ती गाभण गाय, आता वसंतापर्यंत विहीर पुरेल की नाही कोण जाणे. हेल्का हसली आणि बापाला म्हणाली की तुमच्या हातचा खारवलेला मासा खाल्ला की गायसुद्धा नदी पिईल. आम्ही सगळेच हसलो. पण सिल्वी, रात्रीत तीन-तीनदा ती बूट चढवून अंगणापलीकडच्या संडासात जायची, त्या थंडीत. बर्फावर बुटांचा आवाज आला की मी जागी व्हायची आणि मोजायची. विचारलं मात्र नाही. आपल्याकडे असलं कोण विचारतं?

ती वाळलीही आहे. स्कर्टला कमरेशी पिन लावली होती. माझ्या रोजनिशीत मी त्या दिवशी लिहिलं आहे, ‘हेल्का छान सडपातळ झाली.’ आज ते पान उघडून ‘छान’ या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं. तो मी का लिहिला असेल?

मंगळवारच्या बसने तिच्यासाठी ब्लूबेरीच्या घट्ट सरबताच्या सहा बाटल्या पाठवते आहे. एवढी तहान आहे तर नुसत्या पाण्यापेक्षा अंगी लागेल असं काही तरी पोटात जाऊ दे. दर शनिवारी ती तुझ्याकडे सौनाच्या वाफेत बसायला येते ना? तिथे कपड्यांची लपवाछपवी नसते. नीट बघ आणि मला खरं काय ते कळव.

माया आहे तशीच असू दे.

तुझी ताई,
इर्या

* * *

ओउलू, सोमवार, १० फेब्रुवारी १९६९

ती. इर्याताईस सा. न. वि. वि.

माफी वगैरे पुरे. तू पाच आठवडे गप्प होतीस, मी १९६३ साली आठ महिने गप्प होते, तेव्हा माझंच देणं अजून बाकी आहे.

शनिवारी हेल्का आली. खरं कळव म्हणालीस म्हणून लिहिते. वरच्या फळीवर माझ्याशेजारी बसली होती. पाठीचे मणके मोजता येतील अशी झाली आहे. गेल्या शरदात हीच पोरगी मला ढकलून गरम जागा पटकावायची. आता दहा मिनिटांत खाली उतरली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, पायांत गोळे येतात मावशी, स्कीइंग जास्त झालंय. मी म्हटलं, मग जरा कमी कर. झालं, एवढंच आमचं बोलणं. नंतर तिने तीन तांबे पाणी आणि माझं बिअरसारखं घरगुती पेयही संपवलं, आणि सॉसेज तोंडाशी असतानाच टेबलावर डोकं टेकून झोपली. साडेसात वाजले होते. मी तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि विणकाम घेऊन बसले. विचारायला हवं होतं का? तुझ्या पत्राने मलाही तुझी सवय लागली, आता मी स्वतःलाच प्रश्न घालत बसते.

आणखी एक. तिला वर्गातला फळा धूसर दिसायला लागला आहे. म्हणून गुरुवारी ती आमच्या चष्म्याच्या दुकानात आली होती. आमचे मालक सालोवारा यांनी स्वतः डोळे तपासले. लांबचा नंबर निघाला. मी तिला गमतीने म्हटलं की आता तू खरी मास्तरीण दिसशील, आईसारखी. ती म्हणाली, आईसारखी नको, आई चष्म्याच्या वरून बघते तेव्हा पोटात खड्डा पडतो. चष्मा एकोणिसाला मिळेल.

तुझ्या बाटल्या पोचल्या. सहापैकी चार बाटल्या चारच दिवसांत संपल्या, असं घरमालकीण हिल्माबाई सांगत होत्या. सरबत आवडतं आहे, एवढं तरी बरं.

लोभाची उधारी चालू ठेव.

तुझी,
सिल्वी

* * *

ओउलू, बुधवार, १२ फेब्रुवारी १९६९

ती. आईस हेल्काचा सा. न.

अक्षर मोठं काढलं आहे म्हणून रागवू नकोस. लहान काढलं तर मलाच दिसत नाही. चष्मा येईपर्यंत मी पहिलीतली बालिका.

तुझं सरबत म्हणजे अमृत आहे. दुसरं काही नीट घशाखाली उतरतच नाही. पाण्याने तहान जात नाही, सरबताने निदान दहा मिनिटं जाते. आणखी पाठवशील? लाजत लाजत मागते आहे. हिल्माबाई म्हणतात, तुझ्या आईने जंगलच पिळून पाठवलं आणि तू ते आठवड्यात प्यायलीस.

मावशी हल्ली माझ्याकडे अशी बघते, जशी दुकानात स्क्रू निघालेल्या फ्रेमकडे बघते. तूच तिला काही लिहिलं असणार. मी ठीक आहे. थकलेली आहे, पण सगळेच थकले आहेत. शुक्रवारी, एकवीस तारखेला माझा नमुना पाठ आहे, तपासणीसांसमोर, विषय नद्या. तो चुकला तर वर्ष गेलं. तो झाला की आठवडाभर झोपणार. बाबांना सांग, गाय बरी आहे, दूध मात्र देत नाही.

तुझ्या प्रेमाची आणि सरबताची भुकेली,
हेल्का

* * *

हौकिवारा, रविवार, १६ फेब्रुवारी १९६९

चि. सिल्वीस अनेक आशीर्वाद.

तुझं आणि हेल्काचं पत्र एकाच टपालगाडीने आलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली. तिचं पत्र वाचताना मी हसले आणि मग लक्षात आलं की हसताना माझा हात गळ्याशी गेला होता.

सिल्वी, तुला आपला भाऊ आर्मास आठवतो का? तू सात वर्षांची होतीस. तोही असाच वाळत गेला, असाच कशावरही झोपायचा, आणि थकलोय एवढंच म्हणायचा. आईने त्याला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. अठराव्या वर्षी क्षयाने गेला. परवापासून माझ्या डोळ्यांपुढे तोच आहे. हेल्काच्या खोकल्याचं तू काही लिहिलं नाहीस, पण आर्माससुद्धा आधी खोकत नव्हता.

तेव्हा हात जोडून सांगते, तिला छातीच्या दवाखान्यात ने आणि फुप्फुसांचा फोटो काढून घे. आपण होऊन ती जायची नाही. आणि तोपर्यंत तिच्या अंगात ताकद भर. आई करायची तसं, दोन अंडी चार चमचे साखरेत फेटून, वर साय, रोज सकाळी. लोणी भरपूर. उद्याच्या बसने आणखी आठ बाटल्या सरबत पाठवते आहे, या वेळी साखर मुद्दाम वाढवून उकळलं आहे.

कधी वाटतं मी उगाच घाबरते. कधी वाटतं, घाबरते आहे तेवढी पुरेशी नाही. यातलं कुठलं खरं ते तुझ्या पत्रावरून कळेल.

तिच्यावर लक्ष असू दे, माझ्यावर लोभ.

तुझी ताई,
इर्या

* * *

ओउलू, गुरुवार, २० फेब्रुवारी १९६९

ती. इर्याताईस सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी. काल, बुधवारी सकाळी, हेल्काला जवळजवळ ओढत छातीच्या दवाखान्यात नेलं. फुप्फुसं स्वच्छ आहेत, डाग नाही, सावली नाही. तिथली नर्स माझ्या ओळखीची, तिने मला फोटो दाखवलासुद्धा. ताई, मी रस्त्यात रडले. हेल्का म्हणाली, मावशी, लोक बघतायत, त्यांना वाटेल फोटोत तुझंच काही निघालं. मग आम्ही कॉफीला गेलो, वेलदोड्याचे गोड पाव मागवले, वर साय, वर साखर. तिने तीन खाल्ले. मी आग्रह करकरून खायला घातले. हे वाक्य लक्षात ठेव.

दुपारी दुकानात आलो, चष्मा तयार होता. तिने घातला आणि म्हणाली, हा माझा नाही, यातून काहीच दिसत नाही. कागद बघितला, तिचाच होता. सालोवारांनी पुन्हा तपासलं. नंबर बदलला होता, आणि थोडाथोडका नाही. त्यांना वाटलं यंत्रच बिघडलं. म्हणून मला खुर्चीत बसवून माझे डोळे तपासले, ते होते तसेच. मग म्हातारबुवांनी यंत्राचा दिवा बंद केला. तुला माहीत आहे, बावीस वर्षांत त्या माणसाने मला हवामान सोडून काही विचारलेलं नाही. ते हेल्कासमोर स्टूल ओढून बसले आणि विचारू लागले. दिवसाला पाणी किती पितेस, रात्री किती वेळा उठतेस, वजन किती उतरलं, भूक असूनही वाळतेस का. ती उत्तरं देत गेली, मान खाली घालून. तेरा दिवसांत असे डोळे बदलत नसतात, म्हणाले. रक्तात साखर वाढली की डोळ्याचं भिंग फुगतं. आजच्या आज लघवी तपासून घे, उद्यावर टाकू नकोस.

साखरेचा आजार मला म्हाताऱ्या, जाड माणसांचा वाटायचा. ते म्हणाले, तो वेगळा. हा तरुण पोरांना धरतो, सडपातळ पोरांना, आणि आपल्या देशात फार धरतो. यात अंगातलं इन्सुलिन संपतं, खाल्लेली साखर वापरताच येत नाही, नुसती साचत जाते.

हेल्का उसळली. एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नाही. सकाळी क्षय, दुपारी साखर, संध्याकाळी काय महारोग, असं म्हणाली. शुक्रवारी पाठ आहे, सोमवारी जाईन, त्याआधी एक पाऊल हलणार नाही. आणि आईला फोन केलास तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. मी कबूल केलं. तशीही तुमच्या गावच्या एक्सचेंजवर तोइनी बसलेली असते, फोन करायचा म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या हौकिवाराला कळायचं. पत्राचं मात्र मी कबूल केलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

ताई, सरबत पाठवू नकोस. अंडी-साखर मी बंद केली. पण तुझ्या आठ बाटल्या तिच्या खोलीत आहेत. त्या काढून घ्यायला काल गेले, तिने दार उघडलं नाही. सोमवारपर्यंत थांबणं चूक आहे का? मी तिला ओढत न्यायला हवं होतं का? सकाळी नेलं तशी दुपारीही नेऊ शकले असते. पण सकाळी मला क्षयाची भीती होती आणि ती माझ्या ओळखीची होती.

काय करू ते लिही.

तुझी,
सिल्वी

* * *

हौकिवारा, शनिवार, २२ फेब्रुवारी १९६९, दुपारी तीन

सिल्वी,

हे पत्र टपालात पडणार नाही. मीच घेऊन येईन. बस उद्या सकाळी सहाला आहे, तोवर हातांना काही काम हवं म्हणून लिहिते आहे.

तुझं पत्र बारा वाजता आलं. उभ्याउभ्याच वाचलं आणि फोनची मूठ फिरवली. तोइनी लाइनवर आली. पंधरा वर्षं मी त्या बाईच्या कानांना भिऊन फोनवर फक्त खडू आणि सरपणाच्या गोष्टी बोलत आले. आज तिला सांगितलं की ओउलूला लावून दे आणि ऐकायचं तर ऐक.

हिल्माबाईंनी फोन घेतला. म्हणाल्या, कालचा पाठ छान झाला म्हणे, पण घरी आली तीच ओकत. पोटाची साथ आहे ना सध्या. रात्रीपासून पडून आहे. पोटात काही ठरत नाही म्हणून मी आपलं तिला तुमचंच सरबत थोडं थोडं देतेय, तेवढंच मागते बिचारी. मी विचारलं, श्वास कसा आहे? त्या म्हणाल्या, पळून आल्यासारखा, मोठा मोठा. आणि खोलीत सफरचंदं कुजल्यासारखा वास येतो, मी पलंगाखाली शोधलं, सफरचंद नाही सापडलं. मी म्हटलं, तिला हाक मारा. त्या गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, डोळे उघडते, पण मला आई म्हणते.

मी फोनमध्येच हेल्काला हाका मारायला लागले. तेव्हा तोइनी मध्ये बोलली. मला म्हणाली, मास्तरीणबाई, तुम्ही खाली बसा. हिल्माबाईंना म्हणाली, सरबत ठेवा आणि दार उघडं करून ठेवा. मग तिने तुमचं दुकान लावलं, रुग्णालय लावलं, अॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेलीय म्हटल्यावर त्यांना असं काही बोलली की ते मी लिहू शकत नाही. शेवटी मला सांगितलं, सालोवारा दुकान उघडं टाकून स्वतःच्या गाडीतून निघालेत, तुमची बहीण बरोबर आहे, रुग्णालयाला साखरेचं सांगून ठेवलंय, ते तयार आहेत.

हे दीड वाजताचं. तेव्हापासून काही नाही. तोइनी दर पंधरा मिनिटांनी घंटी देते आणि म्हणते, अजून नाही. ती घंटी वाजते आणि मी उचलेपर्यंत मधे जो क्षण असतो, त्यात मी काय काय बघते ते तुला सांगणार नाही.

चौदा बाटल्या, सिल्वी. शेवटच्या आठांत साखर मुद्दाम वाढवली होती.

घंटी

* * *

हौकिवारा, रविवार, १६ मार्च १९६९

चि. सिल्वीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघी शुक्रवारी नीट पोचलो. बसमध्ये हेल्का खिडकीशी बसली होती आणि पाट्या वाचत होती. जुना चष्मा नको, नवाही नको, सहा आठवडे डोळे स्थिर होऊ देत मग बघू, असं सालोवारांनी सांगितलं आहे ना, ते ती तुझ्या मालकांच्या आवाजात बोलून दाखवते. वजन तीन किलो वाढलं. तू विचारशील म्हणून आधीच लिहिलं.

इन्सुलिनची काचेची सिरिंज आणि सुई रोज उकळायची. ती स्वतः टोचून घेते, मांडीत, आणि मला बघू देते. पहिल्या दिवशी ताउनो अंगणात जाऊन लाकडं फोडत बसला. एवढा थोरला माणूस, तळावर कुणाचं बोट तुटलं तर स्वतः बांधतो. रात्री मला म्हणाला, मी तिला गाय म्हटलं होतं. मी म्हटलं, मी तिला छान म्हटलं होतं.

काल दुपारी ती भांडी विसळता विसळता थरथरायला लागली, घाम फुटला, ओठ पांढरे, आणि माझ्यावरच खेकसली की माझ्याकडे बघू नकोस. साखर उतरली होती. खिशातले साखरेचे दोन खडे खाल्ले, दहा मिनिटांत ठीक. इतके दिवस साखर जास्त होण्याची भीती होती, आता कमी होण्याचीही आहे. डॉक्टर म्हणाले, हे जन्मभर. मी मान हलवली, पण ‘जन्मभर’ हा शब्द अजून माझ्यापर्यंत पोचलेला नाही. तो जिन्यावरच कुठे तरी उभा आहे.

तुला एक कबुली द्यायची आहे. रुग्णालयात त्यांनी विचारलं होतं, लक्षणं कधीपासून? मी म्हणाले, दोन-तीन आठवडे. घरी येऊन रोजनिशी काढली. २३ डिसेंबर: हेल्का फार पाणी पिते. २५ डिसेंबर: रात्री तीनदा. २७: स्कर्टला पिन. ३०: चिडचिड करते, प्रेमात वगैरे पडली असेल. नऊ आठवडे, सिल्वी. सगळं माझ्याच अक्षरात, तारीखवार. मी बघितलं नाही असं नाही. मी बघितलं आणि लिहून ठेवलं, आणि लिहून ठेवलं म्हणजे काही तरी केलं असं मला वाटत राहिलं. डॉक्टरांना आज खरी तारीख कळवणारं पत्र टाकलं. त्यांना त्याचा काही उपयोग नाही हे मला माहीत आहे.

हेल्काला ती पानं दाखवली. मला वाटलं रागावेल. ती वाचून म्हणाली, आई, त्या रात्री मी अंगणातून परत यायची तेव्हा तुझ्या खोलीत दिवा दिसायचा. मला वाटायचं, आता दार उघडशील आणि विचारशील. विचारलं असतंस तर चिडले असते, पण सांगितलं असतं. मी रोजनिशी मिटली. मग तीच म्हणाली, पाणी किती पितेस, एवढी साधी गोष्ट, ती कुणी विचारलीच नाही.

आता जे लिहिते त्यासाठीच हे पत्र. काल आम्ही गावातल्या सहकारी दुकानात गेलो होतो. तिथे गल्ल्यावर वेन्ला असते, माझी जुनी विद्यार्थिनी, आता बावीस वर्षांची. आम्ही पीठ घेईपर्यंत तिने लेमोनेडची अख्खी बाटली उभ्याने संपवली आणि दुसरी उघडली. एप्रनची नाडी कमरेभोवती दोन वेढे देऊन बांधलेली. हिशेब करताना कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ. दुकानातली माणसं तिला हसत होती की वेन्ला लग्नासाठी बारीक होतेय. तीही हसली. हेल्का हसली नाही. बाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, तू बघितलंस ना?

काही नसेलही. खारट मासा असेल, लग्नाची धांदल असेल. मी स्वतःला विचारते आहे, आपली पोर आजारी पडली म्हणून मला आता जिथे तिथे तेच दिसतंय का? दुसऱ्याच्या मुलीला भर दुकानात, तू रात्री किती वेळा उठतेस, असं विचारायचा मला काय हक्क? तिची आई मला काय म्हणेल? हेल्का म्हणते, म्हणू दे. मी काल घरी येऊन रोजनिशी उघडली, लेखणी उचलली, वेन्लाचं नाव लिहिलं आणि हात थांबला. ते वाक्य पुरं करायची मला भीती वाटली, कारण पुरं केलं की मी झोपले असते.

तुझा जीव आमच्यावर आहे तेवढाच राहू दे, मी आणखी मागत नाही.

तुझी ताई,
इर्या

उद्या: दुकान उघडताच वेन्लाला बाजूला घेऊन विचारणे.